हजार मैल आणि वीस मिनिटं

तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर हजार मैल म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. नोकरी बदलून राज्य सोडताना किंवा मुलांना घेऊन सुट्टीला जाताना कधीतरी एकदा तुम्ही तेवढं अंतर गाडीने कापलं असेल. दोन दिवसांत, मध्ये एक मुक्काम करून, कूलरमध्ये दहीभात आणि लिंबाचं लोणचं घेऊन. तुम्ही दुबईत किंवा लंडनमध्ये असाल तर असा हिशेब करा : हजार मैल म्हणजे १,६०९ किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला रस्त्याने जाण्यापेक्षाही जास्त.

येत्या शनिवारी मी हे अंतर चोवीस तासांच्या आत, मोटरसायकलवरून कापायचा प्रयत्न करणार आहे. दुसऱ्यांदा. पहिला प्रयत्न गेल्या सप्टेंबरात फसला, आणि हा लेख खरं तर त्या फसण्यामुळेच लिहिते आहे.

या प्रकाराला इकडे ‘सॅडलसोर १०००’ म्हणतात. आयर्न बट असोसिएशन नावाची लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांची एक संस्था आहे. १९८४ साली त्या नावाची पहिली रॅली झाली. आज त्यांची मोठी रॅली अकरा दिवसांत अकरा हजार मैलांची असते. त्यांच्याकडचा सर्वांत सोपा, म्हणजे पहिल्या इयत्तेचा पेपर म्हणजे हा सॅडलसोर. शर्यत नाही, बक्षीस नाही. तुम्ही एकटे निघायचं, चोवीस तासांत हजार मैल करायचे, पुरावे गोळा करून पाठवायचे. त्यांनी तपासून मान्य केलं तर एक प्रमाणपत्र येतं. भारतातही हौशी रायडर १,६०० किलोमीटरचा हाच प्रकार करतात.

संस्थेचं नाव मी अण्णांना फोनवर मराठीत करून सांगितलं, ‘लोखंडी बूड’. ते बराच वेळ हसत होते. म्हणाले, “मग मला पंचवीस वर्षांपूर्वीच द्यायला पाहिजे होतं त्यांनी प्रमाणपत्र.”

आईने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “एवढं पाचशे मैल जायचं आणि तसंच परत यायचं? आणायचं काय आहे तिथून?”

मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये राहते. पोस्टडॉकचं तिसरं वर्ष आहे. माझं काम झोपेवर आहे. माणसांच्या नाही, चिलटांच्या. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी ती बारीक चिलटं म्हणजे जीवशास्त्रज्ञांची लाडकी ड्रोसोफिला. त्यांना काचेच्या बारीक नळीत एकेकटं ठेवायचं, नळीच्या मधून इन्फ्रारेड किरण सोडायचा, आणि चिलट तो किरण किती वेळा ओलांडतं ते मोजत बसायचं. पाच मिनिटं हालचाल नाही म्हणजे चिलट झोपलं, असं आमच्या क्षेत्रात धरतात. गंमत वाटेल, पण शरीरातल्या घड्याळाच्या जनुकांवरचं मूळ काम याच चिलटांवर झालं आणि त्याला २०१७ चं नोबेल मिळालं. गावात कोणी विचारलं तर अण्णा सांगतात, “आमची पोरगी अमेरिकेत चिलटं झोपवते.”

अण्णा ट्रक चालवायचे. तासगावहून द्राक्षं भरायची, रात्रभर चालवायचं आणि पहाटेच्या लिलावाआधी वाशी मार्केटला पोचायचं. गाडी शेठची, टाटा ४०७. जानेवारी ते एप्रिल हंगाम असला की आम्हाला ते दिवसा झोपलेलेच दिसायचे. शर्टाच्या खिशात डिझेलच्या पावत्या, टोलच्या पावत्या आणि एक घडी घातलेला कागद. प्रत्येक पावतीवर वेळ आणि ठिकाण. शेठ त्यावरून हिशेब करायचा, गाडी कुठे किती वेळ थांबली ते बघायचा. एखादी पावती हरवली की तेवढे पैसे अण्णांच्या खिशातून जायचे.

सॅडलसोरचे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो खिसा आठवला. कारण पुरावा म्हणजे नेमकं हेच. तुमचं घड्याळ सुरू होतं ते पेट्रोल पंपावरच्या पहिल्या पावतीच्या वेळेपासून. प्रत्येक ठिकाणी पेट्रोल भरलं की पावती, तिच्यावर तारीख, वेळ आणि पत्ता. शेजारी ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. जिथे वळायचं तिथली पावती तर हवीच, नाहीतर तुम्ही तिथपर्यंत गेलात कशावरून? निघताना आणि पोचल्यावर साक्षीदाराची सही. मी त्या रात्री अण्णांना म्हटलं, “अण्णा, तुमचंच काम आहे हे. फक्त मागे द्राक्षं नाहीत.”

आता गेल्या सप्टेंबरचं सांगते.

मॅडिसनहून आय-९० पश्चिमेला जातो. विस्कॉन्सिनमधले सुमारे १४० मैल संपले की ला क्रॉसजवळ मिसिसिपी ओलांडायची. मग मिनेसोटाची पूर्ण रुंदी, २७६ मैल. मग साउथ डकोटा. मिचेल या गावाला पोचेपर्यंत जेमतेम ४९५ मैल होतात, म्हणजे तिथून परत फिरलात तर हजाराला थोडे कमी पडतात. ही चूक माझ्या लक्षात नकाशावर आली, नशीब. गाडीचं ओडोमीटर थोडं जास्त दाखवतं, आणि तपासणारे नकाशावरून मोजतात. म्हणून मी मिचेलच्या पुढे प्लँकिंटनपर्यंत जायचं ठरवलं. जाऊन येऊन साधारण १,०३५ मैल.

तेवढा एक हिशेब सोडला तर मी काहीच तयारी केली नव्हती. शुक्रवारी रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये होते. एक वाजता झोपले, पाचला उठले, मोठ्ठा कप कॉफी घेतली आणि सहाला पंपावर पहिली पावती घेतली. साधी जीन्स, कानात काही नाही, पाठीवर सॅक. मला वाटत होतं की हे जिद्दीचं काम आहे, आणि जिद्द माझ्याकडे आहे. पीएचडी केलेल्या प्रत्येकाला असं वाटतं.

जाताना मजा आली. ब्लू अर्थ गावाजवळचा पंचावन्न फुटी हिरवा ग्रीन जायंट पाहायचा होता. म्हटलं, परत येताना थांबून फोटो काढू. नैऋत्य मिनेसोटात पवनचक्क्या सुरू झाल्या आणि त्या का उभ्या आहेत ते कळलं. वारा बाजूने असा लोटतो की सरळ रस्त्यावर गाडी तिरकी धरून चालवावी लागते. प्रत्येक थांब्यावर मी पंधरा मिनिटं धरली होती, नंतर पाहिलं तर सरासरी अठ्ठावीस झाली होती. फोन बघणं, ग्लोव्हज शोधणं, उगाच दुकानात फिरणं.

परत येताना अंधार पडला. फेअरमाँटची पाटी मला आठवते. ब्लू अर्थची आठवत नाही. मधले सतरा मैल कुठे गेले ते मला आजही सांगता येणार नाही. मला जाग आली, हो, जागच म्हणायला हवं, ती रस्त्याच्या कडेला कोरलेल्या खाचांवर चाक गेलं तेव्हा. त्या खाचा झोपलेल्या कारचालकांना जागं करण्यासाठी असतात. दोन चाकांवर त्यांच्या पुढे फक्त गवत आणि उतार असतो.

ताशी सत्तर मैलांच्या वेगाने गाडी एका सेकंदात एकतीस मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे सव्वाशे मीटर. आमच्या शाळेचं मैदान तेवढंही लांब नव्हतं.

पुढच्या एक्झिटला उतरले. एका पंपाच्या आवारात लाकडी बाक होता, तिथे बसले आणि हात थरथरत असताना घरी फोन लावला. इकडे रात्रीचे सव्वाआठ, तिकडे सकाळचे पावणेसात. अण्णा अंगणात असणार हे माहीत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “गाडी रस्त्याच्या कडेला आहे का आत घेतलीस?”

“आत घेतली.”

“चावी काढ. खिशात घाल. आधी नीज, मग बोलू.”

मी हेल्मेट न काढता त्या बाकावर आडवी झाले. लांब पल्ल्याचे लोक अशा बाकाला थट्टेने ‘आयर्न बट मोटेल’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. उठले तेव्हा पुढे जायची हिंमत नव्हती. जवळच खोली घेतली आणि प्रयत्न सोडला.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. मोटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. मी थांबले तेव्हा माझे ७४० मैल झाले होते. घर तीनशे मैलांवर, म्हणजे पेट्रोलसकट पाच तास. आणि माझ्याकडे उरले होते पावणेदहा तास. मी त्या रात्री साडेचार तास गाढ झोपून उठले असते, तरीही वेळेत घरी पोचले असते.

म्हणजे झोपायला वेळ होता, आणि मला ते माहीतच नव्हतं. माहीत नव्हतं कारण मी तो हिशेब थकलेल्या डोक्याने, अंधारात, हँडल धरून करत होते. आणि थकलेलं डोकं एकच उत्तर देतं, अजून थोडं पुढे.

दोन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर अण्णा एकटे होते. आई देवळात गेली होती. ते म्हणाले, “तुला एक सांगायचंय. आईला माहीत नाही अजून.”

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी, हंगाम तेजीत. सलग दुसरी रात्र, कारण दुसरा ड्रायव्हर आला नव्हता. खंबाटकी घाटात त्यांचा डोळा लागला. किन्नर ओरडला म्हणून जागे झाले. पुढचं चाक कठड्याच्या दगडाला घासत होतं. घाट उतरून शिरवळला त्यांनी गाडी बाजूला घेतली. वीस मिनिटं पडतो म्हणाले. उठले तेव्हा उन्हं आली होती. वाशीला पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता, मालाला भाव पडून मिळाला. शेठने त्या खेपेचं भाडं कापलं आणि आठ दिवस गाडी दिली नाही. घरी त्यांनी सांगितलं की टायर फुटला.

“द्राक्षांचं नुकसान झालं,” ते म्हणाले, “पण किन्नर आणि मी घरी आलो. त्याला तेव्हा एकोणीसावं होतं.”

त्यानंतर जितकी वर्षं गाडी चालवली तितकी वर्षं ते तासगावहून अर्धा तास लवकर निघत. शिरवळला पोचलं की झोप आलेली असो वा नसो, गाडी थांबवायची, एक कडक चहा घ्यायचा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. किन्नरने घड्याळ बघून उठवायचं. लहानपणी मला हे विनोदी वाटायचं. चहा पिऊन कोणी झोपतं का?

पण आता ऐका. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली हेच तपासून पाहिलं. झोप कमी झालेल्या माणसांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवलं. नुसती कॉफी, आणि कॉफी घेऊन लगेच छोटी डुलकी, यांत दुसरा उपाय जास्त चांगला ठरला. कारण सोपं आहे. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं, त्यानेच डोळे जड होतात. कॅफीन त्याला अडवतं, पण कॅफीनचा असर चढायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात डुलकी साठा थोडा कमी करते आणि तुम्ही उठता तेव्हा चहाही कामाला लागलेला असतो. वीस मिनिटांहून फार जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग डोकं उलट अधिक जड होतं.

नुसतं कॅफीन मात्र झोप घालवत नाही. ते फक्त काट्यावर फडकं टाकतं. टाकीत पेट्रोल तेवढंच असतं. आम्ही लॅबमध्ये चिलटांना जागं ठेवायला नळ्या थोड्या थोड्या वेळाने हलवतो. हलवत राहिलं की चिलट जागं राहतं. पण हलवणं थांबलं की दुसऱ्या दिवशी ते राहिलेली झोप वसूल करतं. रात्री मिरची चावणं, तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी लावणं हे सगळं नळी हलवणं आहे. अण्णांनी यातलं सगळं करून पाहिलं होतं. मी हे दिवसा शिकवते, त्यावर निबंध लिहिते, आणि तरी चार तासांची झोप घेऊन निघाले होते. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात, चोवीस तासांनी ०.१० टक्क्यांसारख्या. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८ ला पोलीस आत टाकतात. ही वाक्यं माझ्याच स्लाइडवर आहेत.

तर यंदाची तयारी. तुमच्यापैकी कोणी मोटरसायकल चालवत असेल त्याच्यासाठी, आणि चालवत नसेल पण नातेवाइकांकडे जाताना “एका दमात मारू” म्हणणारा कोणी घरात असेल तर त्याच्यासाठीही.

पहिली गोष्ट वेगाची. हजार मैल भागिले चोवीस तास म्हणजे ताशी बेचाळीस मैलसुद्धा नाहीत. आय-९० वर विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात मर्यादा सत्तरची, साउथ डकोटात ऐंशीची. म्हणजे वेग वाढवायची काही गरजच नाही. एका टप्प्यात १४० मैल असतात. सत्तरऐवजी ऐंशीने गेलात तर पंधरा मिनिटं वाचतात. तेवढी एका रेंगाळलेल्या थांब्यात जातात. म्हणून वेळ वाचवायचा तर पंपावर, रस्त्यावर नाही. मी मे महिन्यात मॅडिसन ते अल्बर्ट ली आणि परत, असे ५१० मैल सराव म्हणून केले, आणि त्यात फक्त थांबण्याचा सराव केला. क्रम ठरलेला : स्टँड, पेट्रोल, पावती, पावतीवरची तारीख-वेळ-पत्ता वाचणं, ओडोमीटरसकट फोटो, मग बाथरूम, मग पाणी आणि दोन घास. पावती वाचल्याशिवाय पंप सोडायचा नाही. सरावात एका पंपाच्या पावतीवर घड्याळ एक तास मागे होतं, दुसऱ्याने पावती दिलीच नाही, आत काउंटरवर जाऊन मागावी लागली.

दुसरी गोष्ट शरीराची. माझी गाडी जुनी, सेकंडहँड होंडा सीबी ५०० एक्स. टाकी साडेचार गॅलनची; वारा समोरून असला तरी दीडशे मैल सहज जाते. म्हणून थांबे ठरले : ला क्रॉस, अल्बर्ट ली, वर्दिंग्टन, प्लँकिंटन, आणि परत तेच उलट. साधारण दर दोन तासांनी एक. सीट मात्र दोन तासांतच दुखायला लागते. त्यावर उपाय शोधताना कळलं की इथले मुरलेले रायडर सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर घालतात. हवा खेळती राहते आणि कातडी घासत नाही. मी मागवलं आणि फोटो अण्णांना पाठवला. ४०७ च्या सीटवर अगदी तेच होतं, तपकिरी मण्यांचं, एका बाजूने दोरा सुटलेलं. ते म्हणाले, “किती डॉलर दिलेस?” मी आकडा सांगितला नाही.

सुती जीन्स आणि सुती अंतर्वस्त्रं बाद. घाम धरून ठेवतात आणि शिवण रुतते. कानात फोमचे बोळे. हेल्मेटच्या आत हायवेच्या वेगाला वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि दिवसभर तो आवाज ऐकणं हेच मोठं थकणं आहे. मला हे सर्वांत आश्चर्याचं वाटलं. बोळे घालून ५१० मैल केले तर संध्याकाळी मी स्वयंपाक केला. पाण्याची नळीवाली पिशवी, कारण पंपावरच पाणी प्यायचं ठरवलं तर पिणं होत नाही. आणि कॉफी दहा दिवस बंद, म्हणजे लागेल तेव्हा तिचा उपयोग होईल. पहिले तीन दिवस डोकं इतकं दुखलं की लॅबमधल्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाळलं.

जेवणाचं अण्णांकडून आलं. “पोटभर जेवून चालवायचं नाही. थोडं थोडं, चालता चालता.” म्हणून आईकडून फोनवर विचारून दशम्या केल्या. दुधात भिजवलेल्या, त्यामुळे दिवसभर मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. दशम्या कशाला हव्यात हे आईला सांगावंच लागलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “तूप जरा जास्त घाल.”

तिसरी गोष्ट गाडीची, ती थोडक्यात. नवे टायर दीड महिन्यापूर्वीच घातले, आदल्या दिवशी नाही. ऑइल बदललं, चेन ताणून तेल दिलं. अर्ध्या वाटेवर, प्लँकिंटनला, पुन्हा देणार. निघायच्या आठवड्यात गाडीवर कुठलीही नवी वस्तू बसवायची नाही, अंगावरही नाही. जे काही नवं आहे ते सरावात एकदा तरी वापरून झालेलं पाहिजे.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी हा लेख आहे.

मी थांबायची ठिकाणं आत्ताच ठरवली आहेत. पेट्रोलची नाहीत, ती तर लागतातच. न थकताही थांबायची. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला प्रत्येकाच्या शरीराचं घड्याळ खाली जातं, जेवलेलं असो वा नसो. त्या वेळी मी प्लँकिंटनहून परत निघून वर्दिंग्टनच्या आसपास असेन. तिथे गजर लावून वीस मिनिटं, आधी थर्मासमधला चहा घेऊन. माझं शिरवळ.

दुसरा थांबा ला क्रॉसला. सकाळी साडेचारला निघाले तर तिथे परत यायला रात्रीचे आठ वाजतील, ९०० मैल झालेले असतील. मॅडिसन फक्त १४० मैल राहतं, आणि नेमकं तेच धोक्याचं. एक तर घर जवळ आलं की माणूस सैल होतो. अण्णा म्हणतात, बैल गोठा बघून पळतो. दुसरं म्हणजे विस्कॉन्सिनच्या त्या जंगलपट्ट्यात तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात. म्हणून तिथे खोली बुक केली आहे. आठ ते साडेबारा झोप, एकला निघायचं, तीन-सव्वातीनला घर. मुदत साडेचारपर्यंत. आणि उठल्यावर डोकं जड वाटलं तर पुन्हा झोपायचं, प्रमाणपत्र गेलं तरी.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. म्हणून मी ते कागदावर लिहून टाकीवर चिकटवलं आहे. त्यात तीन ओळी आहेत : एखादी पाटी वाचल्याचं आठवलं नाही तर पुढच्या एक्झिटला उतर. वेग आपोआप कमी-जास्त होतोय असं दिसलं तर उतर. “अजून थोडं पुढे” असं मनात आलं तर उतर. त्या वेळी मला काही ठरवायचं नाही, फक्त वाचायचं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं करून हे करायचंच कशाला? माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे आणि नोकरी या दोन हातांना. सूक्ष्मदर्शकाखाली चिलटाचा मेंदू बाहेर काढणारे हात. मनगट मोडलं तर काय होईल ते मला माहीत आहे. याचं नीटसं उत्तर माझ्याकडे नाही. थोडंसं असं आहे की पोस्टडॉकमध्ये काहीही कधी संपत नाही. पेपर परत येतो, प्रयोग परत करायचा असतो, नोकरीच्या अर्जांना उत्तर येत नाही. चोवीस तासांत संपणारी गोष्ट मला हवी होती. आणि थोडंसं असं की लहानपणी अण्णा रात्री कुठे असतात, हे मला कधी समजलं नव्हतं. सकाळी पावत्या दिसायच्या, रात्र दिसायची नाही.

गेल्या रविवारी मी त्यांना पूर्ण वेळापत्रक व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आठ टप्पे, मैल, वेळा, पंपांचे पत्ते. त्यांनी चष्मा लावून, फोन लांब धरून, एकेक ओळ वाचली. मग म्हणाले, “वर्दिंग्टनला तुला उठवणार कोण?”

“फोनचा गजर.”

“फोन नको. मी करतो. किती वाजता?”

मी हिशेब केला. तिथले दुपारचे अडीच म्हणजे तासगावला रात्रीचे एक.

“जागा राहीन मी,” ते म्हणाले. “सवय आहे.”

मी ‘नको’ म्हणाले नाही. गजरही लावणार आहे, ते वेगळं.

हा लेख शुक्रवारी दुपारी पाठवते आहे. लॅबमधून आज तीन वाजता निघाले; चिलटांना सोमवारपर्यंत माझी गरज नाही. साक्षीदार म्हणून शेजारचे आजोबा पहाटे साडेचारला ड्राइव्हवेत येऊन सही करणार आहेत. त्यांनी वेळ दोनदा विचारून घेतली. दशम्या डब्यात आहेत. जूनमध्ये इथे साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले आहेत. सात वाजता झोपणार.

प्रवास पूर्ण झाला की नाही हे या लेखात तुम्हाला सापडणार नाही. संपादकांना कळवलं आहे की निकाल काही लागला तरी यात एक शब्द बदलायचा नाही. अर्ध्यातून परत आले तरी वरचे सगळे हिशेब तेच राहतील, आणि ला क्रॉसची खोली तेव्हाही बुक केलेलीच असेल.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सापडलं. तिथून नऊ पावत्या आणायच्या आहेत. पहिल्या पंपापासून शेवटच्या पंपापर्यंत, एकही न हरवता.